लांडगा, गरुड आणि देसांकाकाकूंची मान

मी विकला गेलोय ही बातमी मला आमच्याच वाचकांकडून कळली. माणूस विकला जातो तेव्हा निदान त्याला तरी आधी सांगायची पद्धत असावी, पण आमच्या नीश शहरात ती नाही. सकाळी बेकरीच्या दारात उभ्याउभ्या बुरेक खात होतो, तेलकट बोटांनी फोन उघडला, तर आमच्या संगणकाच्या मासिकातल्या माझ्या चाचणीखाली 'पोलाद' असं टोपणनाव लावलेल्या एका इसमानं लिहिलं होतं, "तिहोमिरला लांडग्यावाल्यांनी विकत घेतलाय. लवकरच नवीन गाडी दिसेल, बघा." त्याखाली शेकडो लोकांनी माना डोलावल्या होत्या. एकानं तर गाडी आपण स्वतः पाहिली असं सांगून रंगही कळवला होता. माझ्याकडे सायकल आहे.

लांडगा आणि गरुड ही दोन ग्राफिक्स कार्डं. त्यांची खरी नावं म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची मालगाडी, ती कोणी उच्चारत नाही. एकाच्या खोक्यावर लांडगा छापलेला, दुसऱ्याच्या खोक्यावर गरुड, म्हणून सगळा देश त्यांना तसंच म्हणतो. वर्षभर लोक एकाच प्रश्नावर भांडत होते: कोणतं कार्ड गेम वेगानं पळवतं आणि त्यासाठी वीज किती खातं? वीज ही आमच्याकडे चेष्टेची गोष्ट नाही. वापर कमी तर बिल हिरव्या पट्ट्यात, जास्त झाला तर निळ्यात, आणि पोरांनी हिवाळाभर गेम खेळले की लाल पट्ट्यात. बिल लाल झालं की घरातला बाप खोल्याखोल्यांतून दिवे मालवत फिरतो आणि पोराच्या संगणकाकडे असं बघतो, जणू तो घरजावई आहे.

तर गरुडवाल्यांचा दावा होता की आमचं कार्ड लांडग्याइतकंच पळतं आणि वीज बरीच कमी पितं. परदेशातल्या सगळ्या परीक्षकांनी तो दावा खरा ठरवला. मी एकट्यानं खोटा ठरवला. माझ्या मोजणीत गरुड सुरुवातीला झेपावला, मग धापा टाकायला लागला, पंखे किंचाळायला लागले, वेग खाली आला, आणि तेवढ्याच कामाला वीज जास्त लागली. जसं दिसलं तसं लिहिलं. खाली नाव घातलं. आणि विकला गेलो.

हे नाव काय आहे ते सांगतो, म्हणजे मला राग का आला ते कळेल. मी इंजिनिअर नाही. विद्यापीठाची पायरी मी एकदाच चढलो, तीही तिथले संगणक दुरुस्त करायला. शहरात पदवीवाले पैशाला पासरी आहेत. त्यांचं चुकलं तर पदवी भिंतीवर टांगलेली असतेच, ती कोणी उतरवून नेत नाही. माझ्या भिंतीवर फक्त ओल आहे. माझ्याकडे जे काही आहे ते चाचणीच्या शेवटच्या ओळीत असतं, 'मोजणी: तिहोमिर'. लोक ती ओळ बघून खिशात हात घालत होते. ती गेली की मी पुन्हा कोणाच्या तरी जुन्या प्रिंटरमधला अडकलेला कागद काढत बसणार. आणि प्रिंटर म्हटलं की माझं डोकं दुखतं.

आमचं मासिक आता छापत नाही, फक्त इंटरनेटवर निघतं. संपादक, मालक आणि शिपाई तिन्ही एकच, ल्युबिशा. प्रयोगशाळा म्हणजे त्याच्या आईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची पुढची खोली. 'प्रयोगशाळा' हा शब्द ल्युबिशाचा. त्याची आई, देसांकाकाकू, तिला 'पाहुण्यांची खोली' म्हणतात आणि मलाही पाहुणाच समजतात, कितीही वर्षं झाली तरी.

ल्युबिशानं त्या दिवशी दारातच मला धरलं. "तिहो, खरं सांग. कोणी काही दिलं असेल तर मला सांग. मी रागावणार नाही."

"दिलं असतं तर तुला काय, अर्धं हवं होतं?"

"तसं नाही रे भावा. पण निदान आपल्याला कळायला नको का, आपण किती भ्रष्ट आहोत ते?"

तेवढ्यात बोयानाचा फोन आला. बोयाना आधी याच खोलीत, याच खुर्चीत बसून चाचण्या करायची. मला मोजायला तिनंच शिकवलं. आता ती गरुडाच्या आयातदाराकडे आहे, चांगले कपडे घालते. ती म्हणाली, "मी येतेय. माझं कार्ड, माझी तार, माझं वीजमीटर आणते. तुझ्याच टेबलावर, तुझ्याच डोळ्यांदेखत तुझी अब्रू काढते."

"ये," मी म्हणालो, "काकूंनाही आनंद होईल. तू आली नाहीस म्हणून रोज मलाच बोलतात."

ती दुपारी आली. जून महिना, बाहेर डांबर मऊ झालेलं. मी माझ्या नियमाप्रमाणे बाल्कनीचं दार सताड उघडलं, बोळाचं दार उघडलं, पलीकडे स्वयंपाकघराची खिडकीही उघडी होती. हवा आरपार खेळायला लागली. भिंतीवरच्या तापमापकात खोलीचं तापमान नेहमीचं झालं तसं मी ते टिपलं आणि चाचणी लावली. पडद्यावर तोच तो गेमचा तुकडा पुन्हा पुन्हा चालत राहतो, बाजूला दोन रेषा सरकत असतात: एक वेगाची, एक विजेची. खोटं बोलायला जागा नसते. असं मला वाटायचं.

गरुड सुसाट निघाला. वेग परदेशी लोकांनी लिहिला होता तसाच. वीज कमी. बोयानाचं मीटर आणि माझं मीटर जुळ्या भावंडांसारखी बोलत होती. ल्युबिशाचा चेहरा दह्यासारखा झाला.

बोयाना खुर्चीवर रेलली. "हं. मग गाडी कुठल्या रंगाची घेतलीस म्हणालास?"

गेल्या आठवड्यात याच टेबलावर असंच कार्ड मेलेल्या खेचरासारखं पडलं होतं. आता पळत होतं. म्हणजे एकतर मी खोटारडा, नाहीतर मला मोजता येत नाही. दुसरं जास्त वाईट. खोटारड्याला निदान कामं मिळतात.

इतक्यात देसांकाकाकू ट्रे घेऊन आल्या. कॉफी, पाण्याचे ग्लास, बशीत फळांचा तो मुरंबा, जो चमच्यानं खायचा असतो आणि नाही म्हणायचा नसतो. ट्रे टेबलावर ठेवला, जाता जाता कोपरानं बाल्कनीचं दार ढकलून बंद केलं, कडी लावली, बोळाचं दार पायानं ओढून घेतलं.

"घामेजलेल्या अंगानं आरपार वाऱ्यात बसलेत तिघं," त्या म्हणाल्या. "आणि म्हणे शिकलेली माणसं. बोयाना, तुझे तर केस ओले दिसतात, पोरी!"

"काकू, बरं केलंत," बोयाना म्हणाली. "केव्हाची मानेवर झुळूक लागत होती. कोणाला सांगणार?"

इथं थांबून एक सांगतो. त्या खोलीत तिघं तांत्रिक माणसं बसली होती. तिघांनाही तापमान म्हणजे काय ते पाठ. तिघांच्या देखत खोलीची हवा बंद झाली. आणि तिघांनाही बरं वाटलं. मला स्वतःला खांदे सैल पडल्यासारखे वाटले. आमच्याकडे आरपार वाऱ्याला प्रोमाया म्हणतात आणि तिच्यामुळे मान धरते, कान दुखतो, किडन्या निकामी होतात, तोंड वाकडं होतं, नवरा सोडून जातो. युद्धं झाली, राज्यं बदलली, नोटांवरची शून्यं आली आणि गेली, पण प्रोमायावरचा विश्वास कोणी हलवू शकलं नाही. देवावर विश्वास नसलेली माणसं मला माहीत आहेत. दोन खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवून झोपणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

कॉफी झाली. मुरंबा झाला. बोयानाच्या बहिणीचं लग्न का मोडलं ते झालं. आणि मग कार्ड किंचाळायला लागलं.

आधी पंखे. मग वेगाची रेषा उतरायला लागली, गाळात रुतणाऱ्या गाडीसारखी. त्याच कामाला वीज मात्र वाढत गेली. बोयाना पुढे सरकली.

"हे काय? काय केलंस तू?"

"मी? मी मुरंबा खात होतो."

"तुझी तार खराब आहे."

"तार तुझी आहे."

ल्युबिशाला एकदम चेव चढला. "कार्डातच खोट आहे! गरम झालं की मान टाकतं. तिहो, मी म्हणत होतो ना?" तो असं काहीही म्हणत नव्हता.

बोयाना वाकून बघत राहिली. तिनं कार्डावरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट कुठेतरी सुकली असेल असं म्हणून पाहिलं, मग सॉफ्टवेअरवर संशय घेतला, मग कारखान्यावर. तिच्या कपाळावर घाम होता आणि तिला वाटत होतं तो लाजेचा आहे. आम्ही तिघंही घामानं निथळत होतो आणि एकालाही सुचलं नाही की खोली भट्टी झालीय.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "तुझे आकडे खरे होते. मी तसं लिहून देते." हे म्हणताना तिला काय वाटलं असेल ते मी ओळखतो. ज्या पोराला आपण मोजायला शिकवलं त्याच्यापुढे मान खाली घालणं सोपं नाही.

आणि मी? मी जिंकलो होतो. माझं नाव परत मिळालं होतं, तेही गरुडवाल्यांच्याच सहीनं. पोलादाच्या तोंडावर ते पत्र कसं मारायचं याचा विचारही मी सुरू केला होता.

ल्युबिशा तिला घेऊन स्वयंपाकघरात गेला, सांत्वनाची राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, पाजायला. मशीन चालूच होतं. काकू कप गोळा करायला आल्या. "उठलात ना? आता जरा हवा खेळू दे," म्हणत त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं, बोळाचं दार उघडलं आणि ट्रे घेऊन गेल्या. माणसं बसली की बंद करायचं, उठली की उघडायचं. प्रत्येक घरात असंच असतं. माझी आईही तसंच करायची.

मी पडद्याकडे बघत उभा होतो. पंखे शांत झाले. वेगाची रेषा वर चढायला लागली. चढली, चढली आणि पहिल्या जागी जाऊन बसली.

मी दार बघितलं. रेषा बघितली. परत दार बघितलं. मग स्वयंपाकघरात गेलो.

"काकू, गेल्या आठवड्यात मी लांडगा मोजला, त्या दिवशी तुम्ही घरी नव्हता ना?"

"बान्याला होते. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर शेक घ्यायला. मान धरली होती, तूच नाही का बॅग खाली नेलीस? विसरभोळा मेला."

"आणि गरुडाच्या दिवशी?"

"घरी! तुला इथं बोलावून कॉफी नाही का पाजली? तू तिथली दोन्ही दारं उघडी टाकून आला होतास, मी जाऊन लावली. मान नुकती सुटली होती माझी. आणि तू परत जायच्या आधी उघडूनही ठेवली, तुझ्या त्या डब्यांना हवा लागते म्हणून."

म्हणजे असं. मी तापमान चाचणीच्या आधी टिपतो आणि नंतर टिपतो. मधल्या वेळात काकू कॉफीला बोलावतात आणि त्यांना नाही म्हणणारा माणूस या शहरात जन्मायचाय. आधी दार उघडं, नंतर दार उघडं, मध्ये गरुड बंद खोलीत उकडून निघाला. लांडगा मात्र शेक घ्यायला गेलेल्या मानेच्या कृपेनं दिवसभर गार वारा खात पळाला.

मी गप्प बसू शकलो असतो, हे लिहून ठेवतो. त्या क्षणी ही गोष्ट एकट्या मलाच कळली होती. स्वयंपाकघरात बोयाना ग्लास हातात घेऊन बसली होती, हरलेली, आणि माझं नाव तिच्या हातात होतं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. फक्त घ्यायचं होतं. पण ते नाव ज्या रेषेवर उभं होतं ती रेषा मी आत्ताच सरळ होताना पाहिली होती. आणि मला भयंकर राग आला. पोलादाचा नाही, काकूंचाही नाही. त्या मुरंब्याचा, त्या कडीचा, माझ्या सैल पडलेल्या खांद्यांचा.

"दोघं इकडे या," मी म्हणालो.

मी दार लावलं, दोघांना बसवून ठेवलं, रेषा पडू दिली. दार उघडलं, रेषा चढू दिली. परत लावलं. दुसऱ्या वेळी बोयानानं तोंडावर हात ठेवला आणि तिसऱ्या वेळी ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ल्युबिशा हसला नाही.

"हे छापायचं नाही," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? माझ्या आईनं खिडकी लावली म्हणून देशातली सगळ्यात मोठी चाचणी फसली, असं लिहू? बाजारात भाजीवाली विचारेल तिला!"

"मला विकलेला म्हणतात ते चालतं तुला?"

"तू सहन करशील. तू तरुण आहेस."

बोयानानं डोळे पुसले आणि लगेच तिच्या अंगातली आयातदारीण जागी झाली. "ऐका. लिहा की आमच्या नव्या सॉफ्टवेअरमुळे कार्ड सुधारलं. नवं सॉफ्टवेअर परवा आलंच आहे, त्यात कसलं तरी बटण हिरव्याचं निळं केलंय. कंपनी खूश, तिहोची मोजणी त्या वेळी बरोबर, आताचीही बरोबर. कोणाचंच काही जात नाही."

"बघ!" ल्युबिशा म्हणाला. "किती सुंदर. सगळेच सुटतात."

खरंच सुंदर होतं. इतकं गुळगुळीत खोटं मी फक्त निवडणुकीत ऐकलंय. त्यात कुणी चुकलं नव्हतं, कुणी विकलं गेलं नव्हतं, आणि खाली सही माझी.

"मी खिडकी लिहिणार," मी म्हणालो. "नाहीतर माझं नाव काढ."

"मग काढतो! आणि दुसरं मासिक बघ!"

"काय ओरडताय?" देसांकाकाकू दारात उभ्या होत्या, हातात फडकं. ल्युबिशा म्हणाला काही नाही आई, तू जा. बोयाना जमिनीकडे बघायला लागली. मग मीच सांगितलं. सगळं, सरळ. तुम्ही दार लावलं, खोली तापली, कार्ड मंदावलं, मी चुकीचं लिहिलं, आता लोक मला चोर म्हणतात.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मला वाटलं आता रडतील. ल्युबिशा तर त्यांना खुर्ची द्यायला पुढे झाला.

"मग लिही की," काकू म्हणाल्या. "यात लपवायचं काय? मी दार लावलं. उद्याही लावीन. नावासकट लिही, देसांका म्हणून. कळू दे लोकांना की या घरात एक तरी माणूस शुद्धीवर आहे." आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "आणि हेही लिही की तू फरशीवर अनवाणी होतास."

मालकाच्या आईनं परवानगी दिल्यावर मालकाला काय विचारायचं? मी बसलो आणि सगळं पुन्हा मोजलं. गरुड उघड्या खोलीत, गरुड बंद खोलीत. मग लांडगाही बंद खोलीत, कारण न्याय म्हणजे न्याय. लांडगा वीज जास्त पितो, ती सगळी वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन पडते, त्यामुळे बंद दाराआड त्यानं खोलीची बेकरी केली आणि स्वतः गरुडापेक्षा वाईट आपटला. म्हणजे दार उघडं असो नाहीतर बंद, कमी विजेत तेवढंच काम करणारं कार्ड गरुडच. एवढं साधं सत्य. दोन तक्ते, चार आलेख, खिडकीची हकिकत, आणि खाली 'मोजणी: तिहोमिर'. ल्युबिशानं ते डोळे मिटून प्रसिद्ध केलं.

प्रतिक्रियांचा पूर आला. मासिकाच्या आयुष्यात एवढे वाचक कधी आले नव्हते.

तक्त्यांबद्दल एक शब्द नव्हता.

लेस्कोवाचच्या एका बाईनं लिहिलं की तिच्या सासऱ्यांचं तोंड असंच एका उघड्या खिडकीनं वाकडं झालं. कुणाचा मेव्हणा डॉक्टर होता आणि तो म्हणत होता की जूनमधली प्रोमाया जानेवारीतल्यापेक्षा घातक, कारण माणूस बेसावध असतो. नोवी सादच्या एकानं देसांकाकाकूंना संपादक करा अशी मागणी केली, ती मागणी गरुडाच्या सगळ्या आलेखांपेक्षा जास्त लोकांनी उचलून धरली. एकानं विचारलं, काकूंची मान आता कशी आहे? त्याखाली लेप, शेक आणि कोबीच्या पानांचे उपाय. एका पोरानं चुकून विचारलं, "म्हणजे गरुड चांगलं का?" तर त्याला सगळ्यांनी झापलं: इथं एका म्हातारीच्या तब्येतीचा प्रश्न आहे आणि तुला गेम सुचतात.

आणि मग पोलाद आला.

"मी माझे शब्द मागे घेतो," त्यानं लिहिलं होतं. "तिहोमिर विकला गेलेला नाही. विकत घ्यायला समोरच्यात थोडी तरी अक्कल लागते. हा गृहस्थ घरात नुकतीच मान सुटलेली बाई असताना दोन्ही दारं सताड उघडी टाकून बसतो, तोही अनवाणी. असला माणूस खोटं बोलूच शकत नाही. त्याला जमणारच नाही."

शेकडो लोकांनी माना डोलावल्या. तेच लोक, त्याच माना.

तर असं माझं नाव परत आलं. गाडीची गोष्टही संपली, रंग सांगणारा नाहीसा झाला. चौकात लोक आता मला ओळखतात आणि पायात मोजे आहेत का ते बघतात.

चार दिवसांनी पोलादानं मला खासगीत निरोप टाकला. पोरासाठी कार्ड घ्यायचंय, कोणतं घेऊ?

"दुसरा तक्ता बघ," मी लिहिलं. "तिथं सगळं आहे. वेग, वीज, दार उघडं, दार बंद."

"तक्ता कोण बघतो, भावा," त्याचं उत्तर आलं. "तू फक्त नाव सांग. तू म्हणशील ते घेतो."

मग लिहिलं, "गरुड." आणि त्यानं त्याच संध्याकाळी जाऊन घेतलं.